‘लखनौ बॉय’ रद्दीत कुणी टाकलं?

सेक्रेटरी (ए-१०२): रविवारी सकाळी ९ ला रद्दीवाला येतोय. गठ्ठे लिफ्टसमोर नकोत, जिन्याखाली ठेवा. पैसे गणपतीच्या वर्गणीत जमा होतील.

नेहा (सी-५०३): जिन्याखाली पत्रकार-संपादक विनोद मेहतांचं ‘लखनौ बॉय’ हे आत्मचरित्र सापडलं. इंग्रजी आहे, २०११ चं. कुणाचं? मी घेऊ का?

मोहिते काका (बी-२०४): माझं. घेऊन जा. परत द्यायची गरज नाही.

नेहा: काका, पेन्सिलीच्या खुणाच खुणा आहेत! एका ठिकाणी रेघ इतकी दाबून ओढलीय की मागच्या पानावर वळ उठलाय.

मोहिते काका: तेच पान नीट वाच.

जोशी काकू (ए-३०१): हे टीव्हीवरच्या चर्चेत यायचे तेच ना? बाकीचे एकमेकांवर खेकसत असायचे, हे मध्येच एक वाक्य टाकून गप्प. त्यांच्या कुत्र्याचं नाव एडिटर होतं म्हणे.

गोखले काका (ए-७०१): तेच. रस्त्यावरचं कुत्रं आणलं, हट्टी निघालं, म्हणून नाव एडिटर. नेहा, पुस्तक टाकू नकोस. जन्म रावळपिंडीचा, फाळणीमुळे घरदार लखनौला. शाळा ला मार्टिनियर आणि बी.ए. थर्ड क्लास. हे तो स्वतःच मिरवतो. इंग्लंडात काही वर्षं काढली, परत येऊन मुंबईत जाहिरातींची कॉपी लिहिली. मीनाकुमारीवर १९७२ मध्ये पुस्तक लिहिलं, संजय गांधींवर १९७८ मध्ये. १९७४ ला ‘डेबोनेर’ या उघड्या फोटोंच्या मासिकाचा संपादक झाला.

जोशी काकू: ते मासिक?! आमच्याकडे न्हाव्याच्या दुकानातसुद्धा लपवून ठेवायचे.

गोखले काका: वाजपेयी त्याला म्हणाले होते, मासिक चांगलं आहे, पण उशीखाली ठेवावं लागतं. पुढे १९८१ ला ‘संडे ऑब्झर्व्हर’, मग ‘इंडियन पोस्ट’, मग ‘इंडिपेंडंट’, दिल्लीत ‘पायोनियर’ आणि १९९५ पासून ‘आउटलुक’. इतकी वर्तमानपत्रं काढली आणि सोडली की आमच्या प्रेसमध्ये म्हणायचे, याला खुर्चीचं नाही, पहिल्या अंकाचं व्यसन आहे. पण ‘आउटलुक’मध्ये टिकला. क्रिकेटमधलं मॅच फिक्सिंग १९९७ मध्ये त्यांनीच बाहेर काढलं, २०१० ला राडिया टेप्स, म्हणजे उद्योगांसाठी लॉबिंग करणाऱ्या नीरा राडियांची फोनवरची संभाषणं, छापली. आणि सगळ्यात मला आवडायचं ते वाचकांच्या पत्रांचं पान. ‘सोनियाचा चमचा’ अशा शिव्या घालणारी पत्रं हा बाबा आपल्याच अंकात छापायचा.

बी-१०४: पांढरी स्विफ्ट कुणाची आहे? माझ्या गाडीच्या मागे लावलीय. मुलीचा क्लास आहे.

मोहिते काका: गोखले, ‘इंडिपेंडंट’वरून भरकन पुढे गेलात.

गोखले काका: मोहिते, मुद्दाम नाही हो.

नेहा: पान वाचलं. यशवंतराव चव्हाणांबद्दल आहे.

मोहिते काका: मग ऐक. ऑक्टोबर १९८९. ‘इंडिपेंडंट’ नुकताच मुंबईत सुरू झाला होता. मी तेव्हा चर्चगेटला नोकरीला. ऑफिसात शिरलो तर सगळे एका पेपरावर वाकलेले. बातमी अशी, की १९७१ मध्ये इंदिराबाईंच्या मंत्रिमंडळात अमेरिकेचा खबऱ्या होता तो यशवंतराव. त्याआधी एका अमेरिकन पत्रकाराने १९८३ च्या पुस्तकात मोरारजींचं नाव घेतलं होतं. मोरारजींनी शिकागोच्या कोर्टात खटला घातला आणि त्याच ऑक्टोबरात हरले. मोरारजी निदान जिवंत होते, भांडायला उभे राहिले. यशवंतराव १९८४ ला गेले. आमचं गाव कराडजवळ. वडिलांना फोनवर सांगायला मला दोन दिवस शब्द सापडेनात. नेहरूंनी १९६२ ला संरक्षण खातं द्यायला बोलावलेला माणूस, आमच्याकडे पोरंटोरंसुद्धा म्हणायची, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला. आणि त्यांना खबऱ्या म्हणायचं?

गोखले काका: महाराष्ट्र पेटला होता, मान्य. मेहतांना खुर्ची सोडावी लागली. जेमतेम महिनाभर टिकले. पण पुस्तकात त्यांनी चूक कबूल केलीय. किती संपादक करतात?

मोहिते काका: बावीस वर्षांनी. इंग्रजीत. कराडच्या बाजारात ते कुणी वाचलं?

वकील ताई (सी-२०२): माहितीसाठी, मृत व्यक्तीची बदनामीसुद्धा भारतीय दंड विधानाच्या कलम ४९९ मध्ये येत होती. पहिलंच स्पष्टीकरण आहे. नातेवाइकांच्या भावना दुखवण्याचा हेतू मात्र दिसायला हवा.

जोशी काकू: कोर्टकचेरी राहू दे गं. मला विचाराल तर माणूस प्रामाणिक वाटतो. इंग्लंडात असताना झालेल्या मुलीबद्दलही त्याने लिहिलंय ना? आपल्याकडच्या आत्मचरित्रांत बायको फक्त अर्पणपत्रिकेत असते.

गोखले काका: 😄 खरंय. आणि त्याच्या बायकोनेच सांगितलं की लिहून टाक.

मोहिते काका: स्वतःच्या घरचं उघडं करणं आणि दुसऱ्याच्या घरावर डांबर फासून नंतर चुकलो म्हणणं, या दोन गोष्टी एका मापात तोलू नका. मला राग चूक झाल्याचा नाही येत. चुका आम्हीही केल्या, बँकेत एकदा मी एक शून्य जास्त टाकलं होतं. राग याचा येतो, की याला स्वतःची बाजू मांडायला दोन पुस्तकं मिळाली. २०११ चं हे आणि २०१४ चं दुसरं. आणि यशवंतरावांचं आत्मचरित्र ‘कृष्णाकाठ’ १९४६ पाशी थांबतं. तीन खंड लिहायचे होते, एकच झाला. दिल्लीची वर्षं त्यांच्या शब्दांत कुठे आहेत? जे लिहिणार होते त्याच वर्षांवर याने बातमी केली.

(यानंतर बराच वेळ कुणीच काही टाकलं नाही.)

बी-१०४: स्विफ्ट काढली. धन्यवाद.

गोखले काका: मोहिते, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी ‘कृष्णाकाठ’ नोकरीला लागल्यावर वाचलं होतं. देवराष्ट्रे या त्यांच्या जन्मगावाचं वर्णन आठवतं, शेवट नाही आठवत.

मोहिते काका: आठवणार कसा. ते संपतच नाही.

नेहा: काका, मी ‘लखनौ बॉय’ वाचणार आहे, तुमच्या पेन्सिलीसकट. ‘कृष्णाकाठ’ आहे का तुमच्याकडे?

मोहिते काका: आहे. ते रद्दीत नाही. सहानंतर ये, काकू घरी असते. त्याला कव्हर घातलंय, ते काढायचं नाही. आणि हे मात्र परत द्यायचं.

सेक्रेटरी: उद्या पाणी सकाळी ७ ते ८ च येईल. टाक्या भरून ठेवा.