शेक चालू असताना काउंट उतरलाय, गणपतीसाठी थांबावं का?

खिडकीतली_सीट:

नमस्कार मंडळी. सासूबाईंना (वय ६१) गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आहे. बाहेरून २५ शेक (रेडिएशन), सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध आणि शेवटी आतून द्यायचा शेक, म्हणजे ब्रेकीथेरपी, असं ठरलंय. बाहेरचे निम्म्याहून जास्त झाले. आम्ही डोंबिवलीहून रोज जा-ये करतो.

या आठवड्याच्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीत, लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) १२ टक्के आलेत, लाल अक्षरात. एकूण पांढऱ्या पेशी ३,९००, त्यातलाच दुसरा प्रकार न्यूट्रोफिल ७४ टक्के, प्लेटलेट १ लाख ६० हजार, हिमोग्लोबिन १०.४. ताप नाही. डॉक्टर रिपोर्ट बघून "चालू ठेवायचं" एवढंच म्हणाले आणि माझे सगळे प्रश्न मला स्टेशनवर आल्यावर आठवले.

खरा घोळ घरात आहे. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो, माणसांची रीघ लागते. सासऱ्यांचं म्हणणं, "शेकामुळे प्रतिकारशक्ती संपत चाललीय. दहा-पंधरा दिवस थांबू, काउंट वर येईल, गणपती झाले की उरलेले घेऊ." नणंद म्हणते शेक घेतलेल्या माणसाच्या अंगातून किरणं निघतात, म्हणून माझ्या चार वर्षांच्या मुलीला आजीच्या खोलीत जायची बंदी. आजी आणि नात दोघी रडकुंडीला आल्यात. शेजारच्या काकू रोज गुळवेलीचा काढा आणून देतात. शेक पोटाला चाललाय, मग रक्तातल्या पेशी का कमी व्हाव्यात, हेही कुणी नीट सांगत नाही. ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

लिनॅकवाला:

मी शेक देणाऱ्या मशीनवर काम करतो, डॉक्टर नाही. तेवढं धरून वाचा.

आधी तुमचे आकडे. टक्केवारीकडे बघून घाबरू नका, गुणाकार करा. ३,९०० चे ७४ टक्के म्हणजे न्यूट्रोफिल साधारण २,९००. जिवाणूंशी पहिली झुंज याच पेशी घेतात, आणि तो आकडा चांगला आहे. धास्ती असते ती १,०००च्या खाली, आणि ५००च्या खाली गेलं तर खरीच. लिम्फोसाइट निघतात ४७०च्या आसपास. एरवी मोठ्या माणसात ते १,००० ते ४,००० असतात. म्हणजे कमी झालेत हे खरं, पण ओटीपोटाचा शेक आणि सिस्प्लॅटिन एकत्र चालू असताना हे नेहमी दिसतं. डॉक्टर शांत होते ते त्यामुळेच.

आता पोटाला शेक आणि रक्तात परिणाम का. दोन कारणं. मोठ्या माणसात रक्त तयार करणारा मगज हातापायांच्या लांब हाडांत फारसा उरत नाही. तो असतो मणके, बरगड्या, छातीचं हाड आणि कमरेच्या हाडांत. कंबर आणि त्यावरचे मणके मिळून जवळपास ४० टक्के मगज. शेक नेमका तिथून जातो. दुसरं, मशीन चालू असते त्या काही मिनिटांत रक्त थांबलेलं नसतं. ते किरणांतून वाहत राहतं, रोज थोडं थोडं. आणि लिम्फोसाइट ही शरीरातल्या सगळ्यात नाजूक पेशींपैकी एक. बाकीच्या बऱ्याच पेशी किरण लागले तरी पुढचं विभाजन करायला निघाल्यावर मरतात. लिम्फोसाइट तेवढीही वाट बघत नाही, काही तासांत स्वतःच संपते, तीही अगदी थोड्या मात्रेत.

पण म्हणून प्रतिकारशक्ती "संपत" नाही. जुन्या आजारांच्या आणि लसींच्या अँटिबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी किरणांना बऱ्यापैकी दाद देत नाहीत.

थांबण्याबद्दल मात्र स्पष्ट लिहितो: स्वतःच्या मनाने एक दिवसही थांबू नका. न्यूट्रोफिल काही आठवड्यांत सावरतात, लिम्फोसाइटना महिने लागतात, कधी वर्षंसुद्धा. दहा-पंधरा दिवसांत ते वर येणारच नाहीत. तेवढ्या वेळात वाढतील त्या उरलेल्या कॅन्सरच्या पेशी. या कॅन्सरमध्ये बाहेरचे आणि आतले शेक मिळून सगळं ८ आठवड्यांच्या आत संपवायचा प्रयत्न असतो, आणि उपचार लांबले की गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता घटते. चतुर्थीची सुट्टी असेल तर ती कशी भरून काढायची ते डॉक्टर ठरवतात. कधी शेवटी एक दिवस वाढवतात, कधी एका दिवशी किमान ६ तासांच्या अंतराने दोन शेक देतात. तारखा आत्ताच विचारून ठेवा. काउंट खरोखर घसरला तर बहुतेकदा आधी केमो पुढे ढकलतात, शेक शक्यतो चालू ठेवतात.

आजी_दादरच्या:

त्या पोरीला आधी आजीजवळ जाऊ द्या गं! माझ्या बहिणीला हेच झालं होतं. बाहेरून शेक घेऊन आलेल्या बाईच्या अंगात काही उरत नाही, दिवा बंद केला की खोलीत उजेड उरतो का? फक्त पोरीला सर्दी, ताप, जुलाब असेल तेव्हा लांब ठेवा आणि शाळेतून आली की हात धुवायला लावा.

डोंबिवलीहून रोज येताय तर लोकलमध्ये अपंगांचा राखीव डबा असतो ना, त्यात कॅन्सरच्या पेशंटनाही बसता येतं. कागद जवळ ठेवा, कुणी हटकलं की दाखवायचे. बायकांच्या डब्यात सकाळी चेंगरून आणू नका त्यांना.

लिनॅकवाला:

आजी बरोबर. ब्रेकीथेरपीतही हल्ली बहुतेक ठिकाणी किरणांचा स्रोत काही मिनिटं आत जातो आणि परत मशीनमध्ये येतो, घरी सोबत काही येत नाही. नणंदेचा गैरसमज कुठून आला असेल सांगू? थायरॉइडच्या कॅन्सरला किरणोत्सारी आयोडीन पाजतात, त्या पेशंटना खरंच काही दिवस मुलांपासून आणि गरोदर बायकांपासून लांब राहायला सांगतात. ओळखीत कुणी असेल तसं.

सुंठ_मिरी:

काढ्याबद्दल. माझं घर आयुर्वेदाचं आहे, तरी सांगते, आत्ता गुळवेल बंद. कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या केसेस मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापल्या. इथे सोबत केमो चालू आहे, यकृत आणि मूत्रपिंड दोन्ही सांभाळायचेत. "इम्युनिटी बूस्टर" म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या आणि जास्त मात्रेतली अँटिऑक्सिडंट्सही डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नकोत. काकूंना वाईट वाटेल, तर त्यांना सांगा मऊ खिचडी करून आणा. शेकाने जुलाब होत असतील तर ती उपयोगाची तरी पडेल.

फळं बंद करू नका, धुऊन सालं काढून द्या. बाहेरची चटणी, पाणीपुरी, कापून ठेवलेली फळं नकोत.

खिडकीतली_सीट:

सगळ्यांचे आभार. नणंदेच्या सासरी थायरॉइडचीच पेशंट होती! मुलगी आत्ता आजीच्या पलंगावर चित्रं काढत बसलीय. सासऱ्यांना ८ आठवड्यांचं वाचून दाखवलं. ते गप्प झाले, पण गणपतीच्या माणसांचं काय करायचं हा प्रश्न उरतोच. आणि एक, फ्लूची लस द्यावी का? पावसात निम्मी चाळ खोकतेय.

लिनॅकवाला:

गणपती बसवा, दर्शन बाहेरच्या खोलीत. सासूबाईंनी आरतीला यावं, गर्दी झाली की आत जावं, मास्क लावावा. खोकणाऱ्यांना दारातूनच नमस्कार. खरं लक्ष ठेवायचं तापावर. १००.४ किंवा वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नका, गोळीने ताप दबतो आणि मूळ संसर्ग चालूच राहतो. रात्र असली तरी हॉस्पिटलला फोन करून निघा. पावसाळा आहे, डेंग्यू-मलेरियाही तिथेच तपासतील.

फ्लूची टोचायची लस मृत विषाणूची असते, ती त्यांना चालू शकते, पण उपचार चालू असताना कधी द्यायची ते डॉक्टरांना विचारा. शरीर तेवढा जोरदार प्रतिसाद देईलच असं नाही, म्हणून घरातल्या बाकीच्यांनी आधी घ्या. जिवंत विषाणूंच्या लसी त्यांना नकोत. आणि मुलीला पल्स पोलिओचे थेंब द्यायचे असतील तर त्याआधी ते त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घाला.