ब्रुगाडाच्या रुग्णाला ताप आला तर उपकेंद्रात आधी काय करायचं?

प्रश्न (जिंतूर तालुका, उपकेंद्र)
ब्रुगाडाचं (हृदयाच्या विद्युत यंत्रणेचा आनुवंशिक आजार, अचानक हृदय थांबण्याचा धोका) निदान झालेला ३४ वर्षांचा रुग्ण आहे, आयसीडी (गरज पडताच शॉक देणारं, शरीरात बसवायचं यंत्र) बसवलेलं नाही. पावसाळ्यात इकडं घरोघर ताप, आणि सर्रास अझिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) नि उलटीसाठी ऑन्डॅनसेट्रॉन दिलं जातं. याला ताप आला तर पहिल्या तासात काय करावं? परभणीला कधी हलवावं?

उत्तर १
आधी ताप उतरवा. या आजारात हृदयाच्या पेशींतल्या सोडियम वाहिन्या बऱ्याचदा मुळातच अधू असतात, अंग तापलं की आणखी मंदावतात आणि व्हीएफ (हृदयाची जीवघेणी थरथर, त्यात रक्त पंप होत नाही) सुरू होऊ शकतं. कणकण जाणवताच पॅरासिटामॉल ६५० मिग्रॅ, गरजेप्रमाणे दर ६ तासांनी. ताप अंगावर काढायचा नाही, हे घरच्यांना पक्कं सांगून ठेवा. डेंग्यूची शंका फिटेपर्यंत आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन नको.

ईसीजी ताप असतानाच काढा, उतरल्यावर तो साधा दिसू शकतो. व्ही१, व्ही२ (ईसीजीच्या छातीवरच्या तारा) नेहमीच्या जागी लावून एकदा आणि दुसऱ्या-तिसऱ्या बरगडीच्या मधल्या जागेत लावून पुन्हा. ईसीजीच्या रेषेतला एसटी भाग २ मिमी किंवा जास्त उचललेला, तिथून उतरत जाऊन पुढची टी लाट उलटी, असं दिसलं किंवा घेरी आली तर लगेच हलवा. ताप जाऊन ईसीजी निवळेपर्यंत मॉनिटर हवा.

उत्तर २
वरचं बरोबर, पण तुम्ही लिहिलेल्या औषधांचा धोका मुख्यतः क्यूटी (ईसीजीवरचा, ठोक्यानंतर हृदय पुन्हा तयार होईपर्यंतचा काळ) लांबण्याचा आहे, तो वेगळा प्रकार. ब्रुगाडात टाळायची औषधं म्हणजे फ्लेकेनाइड, प्रोपाफेनोन (दोन्ही ठोक्यांच्या अनियमिततेवरची), अमिट्रिप्टिलिन (नैराश्यावरचं), ब्युपिव्हकेन (भुलीचं).

मात्र क्यूटीचा धोका ब्रुगाडा नसलेल्यांनाही आहे, बायकांना जास्तच. हगवण-उलट्यांनी पोटॅशियम घसरलेलं, त्यात अझिथ्रोमायसिन नि ऑन्डॅनसेट्रॉन एकदम, की टोर्साद (क्यूटी लांबल्यानं होणारी ठोक्यांची जीवघेणी गडबड) होऊ शकतं. क्यूटीसी (ठोक्यांच्या वेगाप्रमाणे दुरुस्त केलेला क्यूटी) ५०० मिलिसेकंदांवर गेला तर ती बंद करा. टोर्साद दिसलं तर मॅग्नेशियम सल्फेट २ ग्रॅम शिरेतून. नुसत्या मीठ-साखरेच्या पाण्यात पोटॅशियम नसतं, म्हणून ओआरएसचं पाकीटच द्या.

उत्तर ३
घरच्यांना एक शिकवाच. तापात माणूस अचानक कोसळला, हातपाय झटकले, तर फीट समजून कांदा हुंगवत बसतात. हाक मारून हलत नसेल आणि श्वास नीट नसेल, घोरल्यासारखे आचकेच येत असतील, तर ते हृदय थांबलेलं समजा. एकानं १०८ लावायचा, दुसऱ्यानं लगेच छातीच्या मधोमध ५ ते ६ सेंमी खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहायचं.

प्रश्नकर्ता
त्याच्या दोन लहान लेकरांचं काय?

उत्तर १
दोघांचाही ईसीजी काढून हृदयतज्ज्ञांना दाखवा. एकदा साधा आला म्हणून सोडू नका, ताप आला की पुन्हा काढा. पॅरासिटामॉल वजनावर, एका वेळी किलोला १५ मिग्रॅ. लस चुकवू नका, लशीनंतरच्या तापालाही हाच नियम.