शब्दचर्चा : ‘निधी मंजूर’ म्हणजे नेमकं काय मिळालं?

शिवाजीनगरकर : न्यायालयाच्या नव्या इमारतीसाठी ‘निधी मंजूर’ अशी बातमी येते. दोन वर्षांनी पाहावं तर पायाही खणलेला नसतो. मंजुरी, तरतूद, अनुदान, निधी हे शब्द बातम्यांत एकमेकांच्या जागी वापरले जातात. कागदोपत्री त्यांचे अर्थ वेगळे आहेत का?

लेखाशीर्ष : अगदी वेगळे आहेत, आणि तो फरक कळल्याशिवाय जाब कुणाला विचारायचा हेही कळत नाही.

‘प्रशासकीय मान्यता’ म्हणजे अमुक खर्चाचं काम हाती घ्यायला शासनाची संमती. तिच्यासोबत रुपयाही येत नाही. बातमीतलं ‘मंजूर’ बहुतेकदा हेच. पुढे सार्वजनिक बांधकाम विभागाची तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. यात वेळ गेला, दर वाढले, की सुधारित प्रशासकीय मान्यतेसाठी फाइल पुन्हा मंत्रालयात.

‘तरतूद’ त्या एका आर्थिक वर्षापुरती असते आणि ती विधिमंडळ देतं. काम कोट्यवधींचं, तरतूद नाममात्र, असंही होतं. ‘वितरण’ झालं की मगच रक्कम खर्चायला हाती येते. ३१ मार्चपर्यंत खर्ची न पडलेली तरतूद ‘व्यपगत’ होते, म्हणजे आपण म्हणतो ते ‘पैसे परत गेले’.

न्यायालयीन पायाभूत सुविधांची केंद्र पुरस्कृत योजना १९९३-९४ पासून आहे. महाराष्ट्रासाठी वाटा केंद्राचा ६०, राज्याचा ४०. पुढचा हप्ता मागताना आधीच्या रकमेचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, जोडावं लागतं. राज्याचा हिस्सा उशिरा आला की काम अडतं, त्यामुळे प्रमाणपत्र अडतं आणि त्यापायी केंद्राचा हप्ताही. बरीच बांधकामं याच फेऱ्यात सापडतात.

सदाशिवपेठी : यात ‘बंधित’ (ठरवून दिलेल्या कामांवरच खर्चायचा पैसा) आणि ‘अबंधित’ (राज्याने हवा तसा वापरायचा) ही जोडी घालायलाच हवी. तेराव्या वित्त आयोगाने २०१०-१५ साठी न्यायदान सुधारण्याकरिता ५,००० कोटी रुपयांचं अनुदान सुचवलं. ते बंधित होतं: सकाळ-संध्याकाळची न्यायालयं, लोकअदालती, प्रशिक्षण, न्यायालय व्यवस्थापक अशी कामं ठरवून दिलेली. त्यातला मोठा भाग अखर्चितच राहिला. जादा वेळच्या न्यायालयाला पैसा असला तरी न्यायाधीश, लिपिक आणि वकील दिवसभर राबलेले तेच, हे आखणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवं होतं.

चौदाव्या आयोगाने उलट केलं. न्यायव्यवस्था बळकट करण्याच्या ९,७४९ कोटींच्या प्रस्तावाला पाठिंबा दिला, पण वेगळं अनुदान दिलं नाही. केंद्रीय करांतला राज्यांचा वाटा ३२ वरून ४२ टक्के झाला, त्यातूनच हा खर्च करा, असं राज्यांना सांगितलं. म्हणून त्या ९,७४९ कोटींना ‘निधी’ म्हणणं चूक आहे. ती ‘शिफारस’ होती.

येरवडाकर : ‘न्यायव्यवस्था’ हा शब्दही जपून वापरा. अर्थसंकल्पात ती एका जागी नसतेच. न्यायदान मुख्य लेखाशीर्ष (खर्चाच्या खात्याचा क्रमांक, वर्ष नव्हे) २०१४ खाली, इमारती ४०५९ खाली, न्यायाधीशांची निवासस्थानं ४२१६, तुरुंग २०५६, पोलीस २०५५. न्यायालयं विधी व न्याय विभागाकडे, तुरुंग आणि पोलीस गृह विभागाकडे. परिणाम रोज दिसतो. येरवड्याचा कच्चा कैदी शिवाजीनगरला हजर करायला पोलिसांची कैदी पार्टी (कैद्यांची ने-आण करणारी तुकडी) लागते. ती बंदोबस्तात अडकली, तर नव्या इमारतीतल्या नव्या दालनातही पुढची तारीखच पडते. व्हिडिओ कॉन्फरन्सची सोय न्यायालयात झाली आणि तुरुंगात एकच खोली असली, तरी तेच.

शिवाजीनगरकर : मग शासन निर्णय वाचताना नजर कुठे ठेवायची?

लेखाशीर्ष : आधी क्रियापदावर. ‘प्रशासकीय मान्यता देण्यात येत आहे’ असेल तर पैसा अजून यायचा आहे. ‘निधी वितरित करण्यास मान्यता’ असेल तर रक्कम आणि लेखाशीर्ष उतरवून घ्या, आणि तारीख जरूर पाहा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यातलं वितरण असेल, तर माहिती अधिकाराच्या अर्जात उपयोगिता प्रमाणपत्राची प्रत मागा.