रोबोटिक्स संघ एकाच मार्गदर्शकावर विसंबून असेल तर काय करावे?

प्रश्न (संघाचे समन्वयक शिक्षक):
आमच्या विद्यार्थी संघात यंत्ररचना आणि प्रोग्रामिंग या दोन्ही बाजू एकच मार्गदर्शक सांभाळतात. स्पर्धा तोंडावर आली की अवघड कामे तेच उरकतात आणि मुले नुसती पाहत राहतात. वरच्या वर्गातील मुले बाहेर पडली की पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. एखाद्या कारखान्याची मदत घेण्याचा विचार आहे, परंतु त्यामुळे मुलांचे परावलंबित्व वाढेल का?

उत्तर (मार्गदर्शक, विद्युत अभियंता):
आपली शंका रास्त आहे. सरावात रोबोट मध्येच बंद पडला आणि बॅटरीच्या टर्मिनलचा नट ढिला असल्याचे मला दिसले, तरी मी पाना हातात घेत नाही, "वीज कुठपर्यंत पोहोचते आहे?" एवढेच विचारतो आणि मुले मल्टिमीटर घेऊन बॅटरीपासून मोटारीपर्यंत एकेक जोड तपासतात. यात वेळ जातो, म्हणून ही सवय हंगामाच्या आरंभीच लावावी. 'फर्स्ट रोबोटिक्स' या विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मार्गदर्शकांसाठी, ती घडवण्यात वाटा असलेले अमेरिकी प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांच्या नावाचा पुरस्कार १९९६ पासून आहे आणि त्यासाठी मार्गदर्शकाचे नाव विद्यार्थीच सुचवतात, हे मला फार योग्य वाटते.

उत्तर (यंत्रशाळा चालक):
आमच्याकडे देणगीची मोघम पत्रे बरीच येतात आणि खरे सांगायचे तर ती बाजूलाच पडतात. "या चार पट्ट्या मिलिंग करून (यंत्रावर कापून) हव्यात, सोबत आराखडा जोडला आहे" अशा पत्राला मात्र उत्तर द्यावेच लागते. एका संघाच्या आराखड्यात बेअरिंग (फिरत्या दांड्याला आधार देणारे कडे) बसवायच्या भोकाचा व्यास होता, पण टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ती मर्यादा) दिलेला नव्हता, म्हणून आमच्या कारागिराने तो परत पाठवला. बेअरिंग दाबून घट्ट बसवायचे की हाताने सरकवता यायला हवे, हे मग मुलांना स्वतःच ठरवावे लागले. आराखडा मुलांचा आणि यंत्र आमचे, एवढी वाटणी स्पष्ट असेल तर परावलंबित्वाचा प्रश्न सहसा येत नाही.

उत्तर (माजी सदस्य):
मुले बाहेर पडण्याच्या अडचणीबद्दल थोडे लिहितो. प्रत्येक कामावर एक जुना आणि एक नवा सदस्य असावा, आणि शेवटच्या सामन्यांत नव्या सदस्याने काम करावे व जुन्याने बाजूला उभे राहावे. नोंदवहीत चाललेली रचना सगळेच लिहितात. टाकून दिलेली रचना का टाकली, हे कोणी लिहीत नाही, आणि पुढची तुकडी नेमका त्याच रचनेवर पुन्हा महिना घालवते.