पिकअपमध्ये सीबी रेडिओ बसवायचा आहे: सुरुवात कोठून करावी?

कोलोराडोवासी (प्रश्न)

नमस्कार. आम्ही डेन्व्हरला राहतो आणि पिकअपला कॅम्पर जोडून वायोमिंगमार्गे सॉल्ट लेक सिटीकडे नेहमी जातो. लॅरमी ते रॉलिन्स या आय-८० महामार्गाच्या पट्ट्यात हिवाळ्यात वारा आणि उडते बर्फ यांमुळे रस्ता केव्हा बंद होईल याचा नेम नसतो, आणि मोबाइलची रेंजही मध्येमध्ये जाते. पुढे काय घडले आहे हे ट्रकचालकांना मात्र आधीच ठाऊक असते, असे दिसून आल्यामुळे आमच्या २०१९ च्या फोर्ड एफ-१५० मध्ये सीबी (सिटिझन्स बँड, म्हणजे आसपासच्या गाड्यांशी बोलण्याचा) रेडिओ बसवावा असे वाटते. परवाना लागतो का, कोणता संच घ्यावा, छतावर चुंबकाची अँटेना चालेल का आणि बोलण्याची रीत काय असते, हे जाणकारांनी कृपया सांगावे. संचासाठी २०० डॉलरपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे.

अकरा_मीटर

परवाना लागत नाही. एफसीसीने (अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने) ती अट १९८३ मध्येच काढून टाकली. एकूण ४० चॅनेल आहेत, २६.९६५ ते २७.४०५ मेगाहर्ट्झपर्यंत, आणि एएम या प्रक्षेपणपद्धतीत ४ वॅट ही कायद्याने ठरवलेली कमाल शक्ती आहे. ही मर्यादा स्वस्त आणि महाग संचांना सारखीच लागू असल्यामुळे सगळे पैसे संचात घालून उरलेल्यात अँटेना घेऊ नका, असे मी आग्रहाने सांगेन. आपला आवाज किती दूर जाईल हे मुख्यतः अँटेनाची लांबी आणि ती बसवलेली जागा यांवर ठरते.

या लहरींची लांबी सुमारे ११ मीटर असते, म्हणून पूर्ण पाव-लहरीची अँटेना पावणेतीन मीटरच्या आसपास भरते. एवढी काठी गाडीवर वागवणे अवघड असल्यामुळे बहुतेक जण आत तारेचे वेटोळे असलेली तीन-चार फुटांची फायबरग्लासची अँटेना लावतात. काही पल्ला त्यात गमवावा लागतो, पण व्यवहारात हा मध्यममार्ग उत्तम आहे. दोन फुटांहून आखूड अँटेना मात्र टाळावी.

आता आपल्या गाडीची खरी अडचण. २०१५ पासूनच्या एफ-१५० चा सांगाडा पोलादी असला, तरी वरची बॉडी ॲल्युमिनियमची आहे, आणि तिला चुंबक चिकटतच नाही. ॲल्युमिनियम वीज उत्तम वाहते, त्यामुळे अँटेनाला लागणारे ग्राउंड प्लेन (तिच्याखालचा वीजवाहक पृष्ठभाग) म्हणून छत अगदी चांगले काम देते. प्रश्न फक्त पकडीचा आहे. छताच्या मधोमध भोक पाडून कायमचा माउंट बसवणे सर्वांत उत्तम. ते नको असेल तर बॉनेटच्या कडेला किंवा मागच्या हौद्याच्या काठावर बोल्टने कसायचा ब्रॅकेट घ्यावा, आणि ज्या ठिकाणी तो टेकतो तेथील रंग थोडा खरवडून धातूला धातू नीट भिडू द्यावा. ब्रॅकेट आणि चेसिस यांच्यातील रोध मल्टिमीटरने मोजून शून्याच्या जवळ आहे याची खात्री करावी, कारण एसडब्ल्यूआर (अँटेना संचाशी किती जुळते हे सांगणारा आकडा, १ च्या जितका जवळ तितका चांगला) बिघडण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे हाच कच्चा ग्राउंड. ट्रकवर दिसतात तशा दोन अँटेना पिकअपवर लावण्यात फायदा नाही. त्यांच्यात आठ-नऊ फुटांचे अंतर लागते.

वीज सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून घेऊ नये, त्यातून इंजिनाचा गुणगुणाट आवाजात मिसळतो. धन तार थेट बॅटरीवरून, बॅटरीजवळ फ्यूज घालून आणावी. बॅटरीच्या ऋण टोकावर सेन्सर बसवलेला असल्यास ऋण तार त्या टोकाला न जोडता चेसिसच्या ग्राउंड बिंदूला जोडावी. अँटेना जोडलेली नसताना माइकचे बटण कधीही दाबू नका. संचाचा शेवटचा ट्रान्झिस्टर तेवढ्यानेही जळू शकतो.

मालवाहक

वरील सर्व मजकुराशी सहमत आहे. वापराबद्दल थोडे सांगतो. महामार्गावर ट्रकचालक चॅनेल १९ वर असतात आणि चॅनेल ९ आणीबाणीसाठी राखलेले आहे. २०२१ मध्ये एफसीसीने सीबीवर एफएमलाही मान्यता दिली, त्यामुळे नव्या संचांत ती सोय असते. पण १९ वरचे संभाषण आजही एएमवरच चालते, तेव्हा संच एएमवर ठेवावा. स्क्वेल्चची (क्षीण आवाज दाबण्याची) कळ खरखर जेमतेम थांबेल इतकीच फिरवावी. ती जास्त फिरवली तर दूरचे क्षीण आवाजही कापले जातात, आणि नेमके तेच आपल्याला हवे असतात.

आधी काही मिनिटे ऐकावे. मग बटण दाबून क्षणभर थांबावे, आपण पूर्वेकडे चाललो आहोत की पश्चिमेकडे हे आणि जवळचा मैलाचा आकडा सांगावा, आणि समोरून येणाऱ्यांना थेट विचारावे की एल्क माउंटनपाशी रस्ता कसा आहे. समोरून येणारा चालक आपण जेथे पोहोचणार आहोत तेथूनच आलेला असतो, म्हणून त्याच्या शब्दाला मोल आहे. उत्तर मिळाल्यावर ‘टेन-फोर’ (म्हणजे ‘समजले’) म्हणून आभार मानले की पुरे. बाकीचे सांकेतिक शब्द आपोआप कानावर पडतात.

अपेक्षा मात्र बेताच्या ठेवाव्यात. गाडी ते गाडी पल्ला साधारण दोन ते पाच मैल, डोंगराआड त्याहूनही कमी. पूर्वीइतकी वर्दळ आता नाही आणि तासन्‌तास शांतता असू शकते. रस्ता बंद झाला किंवा अपघात झाला की तेच चॅनेल गजबजते. निघण्यापूर्वी वायोमिंगची ५११ ही रस्ते-माहिती सेवा पाहणे सोडू नये.

रानवाट

आपल्याला दुसऱ्या कुटुंबाच्या गाडीशीही बोलायचे असेल, तर त्यासाठी जीएमआरएस (जनरल मोबाइल रेडिओ सर्व्हिस ही वेगळी रेडिओ सेवा) अधिक चांगले आहे. आवाज स्वच्छ येतो, अँटेना आखूड असते, परवाना परीक्षेविना ३५ डॉलरमध्ये १० वर्षांसाठी मिळतो आणि निकटच्या कुटुंबीयांना त्याच परवान्यावर बोलता येते. ट्रकचालक मात्र तेथे भेटणार नाहीत, म्हणून आपल्या मूळ गरजेसाठी सीबीच घ्यावा.

कोलोराडोवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. साधा एएम संच आणि चार फुटांची अँटेना घेऊन ती हौद्याच्या काठावर बसवली आहे. एसडब्ल्यूआर चॅनेल १ वर २.६ आणि चॅनेल ४० वर १.७ येतो. हे कसे सुधारावे? आणि हाच संच पुढे भारतात नेऊन वापरता येईल का?

अकरा_मीटर

ग्राउंड पक्का असेल तर आकडे स्पष्ट आहेत. चॅनेल १ वर जास्त आणि ४० वर कमी म्हणजे अँटेना आखूड पडते आहे. टोकाचा स्क्रू थोडा बाहेर काढून लांबी वाढवावी. उलट आकडे आले असते तर ती कमी करावी लागली असती. प्रत्येक फेरबदलानंतर मोकळ्या मैदानात, दारे बंद करून पुन्हा मोजावे. दोन्ही टोकांना आकडा २ च्या खाली आणि चॅनेल १९ वर १.५ च्या आसपास आला की हात थांबवावा. ३ च्या वर असताना बोलू नये.

भारतात विनापरवाना खुला असलेला सीबी पट्टा २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ एवढाच आहे. अमेरिकी संचाचे चॅनेल २८ हे २७.२८५ वर आहे, म्हणजे तेथपासून पुढचे सर्व चॅनेल त्या पट्ट्याबाहेर पडतात. संच येथेच ठेवावा.