गावच्या अभ्यासिकेला अमेरिकेतून पैसे द्यायचेत, कसे द्यावेत?

माणदेशी_एडिसन:
नमस्कार मंडळी. मूळ गाव दहिवडीजवळ, सध्या मुक्काम न्यू जर्सी. गावात धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेला छोटा ट्रस्ट अभ्यासिका चालवतो. तलाठी, पोलीस भरती, एमपीएससी करणारी पोरंपोरी पत्र्याखाली बसतात. मे महिन्यात दुपारी तिथं टिकणं अशक्य. स्लॅब टाकून द्यावा म्हणतोय, अंदाजे आठ लाख. चुलतभाऊ म्हणतो, "माझ्या खात्यावर टाक, मी बघतो." मी अमेरिकन नागरिक झालोय, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड आहे. बायको ग्रीन कार्डवर, तीही नोकरी करते. काही अडचण?

हिशेबनीस:
आहे. सातारा-सांगलीकडच्या संस्थांचे हिशेब बघतो, म्हणून सांगतो. ओसीआय असलात तरी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरच्या कायद्याच्या लेखी तुमचा पैसा परदेशीच. तो घ्यायला ट्रस्टची वेगळी नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी लागते. नोंदणीसाठी ट्रस्ट तीन वर्षं जुना हवा आणि गेल्या तीन वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख खर्च झालेले हवेत. पत्र्याखालची अभ्यासिका ते कुठून दाखवणार? शिवाय २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो.

चुलतभावाचं डोक्यातून काढा. नातेवाइकांना सूट आहे, पण त्या यादीत आईवडील, सख्खी भावंडं, मुलं, सुना-जावई येतात, चुलतभाऊ नाही. आणि ट्रस्टचा पैसा असा फिरवला तर उद्या ट्रस्टच गोत्यात येईल.

आता कामाचं. वहिनींचा पासपोर्ट अजून भारतीय आहे ना? मग त्यांनी स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी धरत नाहीत. मात्र बचत खरोखर त्यांचीच हवी. आदल्या दिवशी तुमच्या खात्यातून वळवलेली चालणार नाही. ट्रस्टनं पासपोर्टची प्रत फाईलला लावून ठेवावी.

न विचारता एक सांगतो. स्लॅबला देणारे पुष्कळ भेटतात, कारण त्यावर नावाची फरशी बसते. परदेशातल्या पैशातून बांधलेलं एक वाचनालय बघितलंय मी: दारावर ग्रॅनाइटमध्ये देणगीदाराच्या आईचं नाव, आत कपाटांच्या किल्ल्या हरवलेल्या आणि बिल थकलं म्हणून मीटर काढून नेलेला. रोज कुलूप कोण उघडणार आणि त्याला पगार कोण देणार, हे आधी विचारा.

खाडीकाठचा:
आमच्या खेड-दापोलीकडं हा पासपोर्टाचा घोळच नाही. कुवेत-दुबईत नागरिकत्व देतंय कोण? माणूस पंचवीस वर्षं राबला तरी पासपोर्ट भारतीयच. आमच्या गावात तिकडची पोरं दरमहा कमिटीला पैसे पाठवतात, त्यातून पाण्याच्या पंपाचं बिल जातं. पण फार कौतुक नको. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत परदेशातून येणाऱ्या पैशात महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, केरळच्याही वर. आमच्याकडं त्यातलं बरंचसं बंगल्यांत जिरलंय, आणि निम्मे बंगले वर्षभर बंद.

माणदेशी_एडिसन:
हिला सगळं वाचून दाखवलं. म्हणते, पैसे माझे असतील तर स्लॅब नंतर. अभ्यासिकेत मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का ते आधी विचार. भावाला फोन केला. नाहीये.

हिशेबनीस:
मग तिथूनच सुरुवात करा. पावती वहिनींच्याच नावानं फाडायला सांगा.