मदत हवी आहे: नागपूरहून पश्चिमेला मोठी उल्का दिसली. आणखी कोणी पाहिली का? आणि शेतातल्या दगडाचं काय करू?

नमस्कार मंडळी,

परवा संध्याकाळी आठच्या सुमारास दाभ्यात आमच्या गच्चीवरून फार मोठी उल्का दिसली. मी आणि भाऊ, दोघांनीही सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिली. नक्की आठवतं तेवढंच लिहिते.

सुरुवात जवळजवळ डोक्यावर, भाद्रपदांच्या चौकोनाजवळ. तिथून सरळ पश्चिमेला, अमरावती रोडच्या अंगाने खाली गेली. रंग आधी पिवळट, मग नारिंगी. खाली येताना एकदम भडकली, तेव्हा पाण्याच्या टाकीची सावली गच्चीवर सरकताना स्पष्ट दिसली. मग दोन-तीन तुकडे एकामागे एक होऊन विझले. सगळं मिळून चार-पाच सेकंद. विझली तेव्हा क्षितिजापासून साधारण दोन मुठी वर होती, म्हणजे २० अंश धरा (हात ताणून धरलेली मूठ सुमारे १० अंश भरते). आवाज आला नाही, आम्ही बराच वेळ कान देऊन उभे होतो. तिची रेषा मागे ओढली तर पूर्वेला नुकत्या वर आलेल्या कृत्तिकांच्या आसपास पोचते, असं भावाचं म्हणणं आहे. मलाही ते पटतं.

आता प्रश्न. आमच्या कॉलनीत सगळे म्हणतात की हे रॉकेटचंच काहीतरी असणार. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, असाच जळता लोळ विदर्भभर दिसला होता आणि सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूची मोठी कडी पडली होती, ते अजून कोणी विसरलेलं नाही. तसंच हे असेल का?

दुसरं जास्त तातडीचं. मामाजींची कोंढाळीजवळ संत्र्याची बाग आहे. काल त्यांना बांधावर एक काळा गोटा सापडला. फोनवर म्हणाले, "पोरी, जळल्यासारखा दिसून राह्यला, तुमचा ताराच पडला असंन." २२ मे २०१२ ला काटोलला भर दुपारी खरोखरच अशनी (उल्केचे जमिनीपर्यंत पोचलेले दगड) पडले होते, त्यामुळे त्या भागात कोणी हे हसण्यावारी नेत नाही. आता गावातली माणसं गोटा बघायला येताहेत, एक जण विकत मागतोय. मामाजींची फसवणूक होऊ नये आणि खरंच अशनी असेल तर तो हातचा जाऊ नये, एवढंच मला हवंय. कृपया जाणकारांनी सांगा.

प्रतिसाद, पुणे

ताई, रॉकेट नाही, नक्की. कक्षेतून खाली येणारी वस्तू सेकंदाला ७-८ किलोमीटरने जाते, आकाश ओलांडायला तिला मिनिटभर किंवा जास्तही लागतं. २०२२ चे व्हिडिओ बघा, लोकांना फोन काढून शूटिंग करायला वेळ मिळाला होता. तुमची चार-पाच सेकंदांत संपली.

नोव्हेंबर आणि कृत्तिकांची दिशा म्हणजे वृषभ उल्कावर्षाव. एन्के धूमकेतूची धूळ, वेग सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर. संख्येने कमी, पण मोठ्या, नारिंगी, संथ उल्कांसाठी हा वर्षाव प्रसिद्ध आहे.

आता तुमच्या २० अंशांचा उपयोग करू. अशा उल्का सुमारे १०० किलोमीटर उंचीवर पेटतात. ही ५० वर विझली असं धरलं, तर २० अंशांवर दिसायला ती तुमच्यापासून १३७ किलोमीटर पश्चिमेला हवी. म्हणजे अमरावतीच्या डोक्यावर! वाट भरते साधारण १४५ किलोमीटर, त्याला साडेचार सेकंदांनी भागा, वेग ३२ येतो. वृषभाशी जुळतं. कोंढाळी तुमच्यापासून फार तर ५० किलोमीटर, तिथून जाताना ही उल्का ८० किलोमीटरच्या आसपास उंच होती. झाडामागे विझलेली उल्का झाडामागेच पडली असं वाटतं, ते या अंतरामुळे. शिवाय धूमकेतूची ठिसूळ धूळ जमिनीपर्यंत सहसा पोचतच नाही.

प्रतिसाद, अमरावती

मी पाहिली! बडनेरा रोडवर गाडी उभी केली होती. पूर्वेकडून आली आणि अगदी डोक्यावर, किंचित उत्तरेला फुटली. आवाज नाही आला, पण रस्त्यावर ट्रक होते, त्यामुळे खात्री देत नाही.

प्रतिसाद, पुणे

व्वा, हिशोब जमला. ५० किलोमीटरवरून आवाज यायला अडीच मिनिटं लागतात, तेव्हा फुटल्यावर लगेच कोणी "धडाम" ऐकलं म्हणत असेल तर ते दुसरं काही.

प्रतिसाद, नागपूर (भूशास्त्र)

ताई, मामाजींना आधी एवढं सांगा: गोटा धुऊ नका, घासू नका, आणि लोहचुंबक लावू नका. खरा अशनी असेल तर चुंबकाने त्यातली मूळ चुंबकीय नोंद पुसली जाते. आणि आपला बेसॉल्टही (थिजलेल्या लाव्हाचा काळा दगड) थोडाफार चुंबकाला ओढतो, त्यामुळे त्यातून काही सिद्धही होत नाही.

तुटलेली बाजू असेल तर तिचा फोटो मागवा. काटोलला पडले तसे अशनी बाहेरून काळे असतात, पण ते काळेपण पापुद्र्याइतकं पातळ, आत फिकट राखाडी. आत-बाहेर सारखाच काळा असेल, भोकं असतील आणि भोकांत पांढरे खडे दिसत असतील, तर तो दख्खनच्या लाव्हाचा दगड. कोंढाळीच्या शेतांत असे ढिगाने आहेत.

मूळ धागालेखिका

फोटो आला. एका कोपऱ्याला टवका उडालाय, आतही काळाच. बारीक भोकं आहेत आणि दोन भोकांत पांढरे, चमकणारे सुईसारखे स्फटिक.

प्रतिसाद, नागपूर (भूशास्त्र)

मग बेसॉल्टच. ते स्फटिक झिओलाइटचे, लाव्हाच्या भोकांत तयार होणाऱ्या खनिजाचे. मामाजींना विकू देऊ नका, घेणाराच फसेल. पुढे कधी खरोखर शंका आली तर सेमिनरी हिल्सला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय आहे, देशात पडलेले अशनी तेच जपतात आणि तपासतात.

मूळ धागालेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. मामाजींना लगेच कळवलं, विकत मागणाऱ्यालाही त्यांनी तेच सांगितलं.

एक विनंती राहिली. आमचं आणि अमरावतीचं निरीक्षण जवळजवळ एकाच रेषेवर आहे, बाजूने पाहणारं कोणी मिळालं तर उंची नीट काढता येईल. वर्धा, यवतमाळ, बैतूल, छिंदवाडा इथल्या कोणाच्या घराच्या किंवा दुकानाच्या सीसीटीव्हीत आकाशाचा तुकडा दिसत असेल, तर आठ ते सव्वाआठचं फुटेज पुसलं जाण्याआधी उतरवून ठेवा आणि कॅमेऱ्याचं घड्याळ किती मागे-पुढे आहे तेही लिहा. आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या संकेतस्थळावर ऑनलाइन फॉर्म आहे, मी आणि भावाने तो वेगवेगळा भरलाय. तुम्हीही पाहिली असेल तर इथे वाचलेलं न मिसळता, आठवतं तसंच भरा.